काहीही होऊ शकतं

लिनक्सच्या मॅन पेजच्या, म्हणजे मॅन्युअलच्या पानाच्या, तळाशी 'बग्ज' नावाचं एक कलम असतं. वर फंक्शन काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, हे सगळं सभ्यपणे सांगून झालेलं असतं. बग्जपाशी आल्यावर मात्र लेखकाचा खरा आवाज ऐकू येतो. मजकुराची नक्कल करणाऱ्या स्ट्रकॉपी या फंक्शनच्या पानावर या कलमात वर्षानुवर्षं एक वाक्य होतं. त्याचा मराठीत अर्थ असा : जिथे मजकूर उतरवायचा ती जागा पुरेशी नसेल, तर काहीही होऊ शकतं.

सूचनापुस्तिका लिहिणारी माणसं असं लिहीत नाहीत. मिक्सरच्या पुस्तिकेत 'खुणेच्या वर चटणी भरू नये' एवढंच असतं. 'भरल्यास काहीही होऊ शकतं' असं छापलं, तर मिक्सर कोणी घरी नेणार नाही. स्ट्रकॉपीच्या लेखकाने मात्र आधी यादी करायला घेतली असणार. प्रोग्राम बंद पडेल. शेजारचा डेटा पुसला जाईल. परका माणूस मशीनचा ताबा घेईल. आणि कुठेतरी दहाव्या-बाराव्या शक्यतेला त्याने हात टेकले असणार.

याचं मूळ सी भाषेच्या स्वभावात आहे. सी भाषेत स्ट्रिंग ही वस्तू नाही, तो एक समज आहे. बाइट ओळीने मांडायचे, शेवटी एक शून्य ठेवायचं आणि 'शून्य दिसलं की मजकूर संपला' असं सगळ्यांनी मानायचं. मजकूर किती लांब आहे हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने ही भाषा घडवली तेव्हा पीडीपी-११ मशीनवर मेमरी इतकी थोडी होती, की असा काटकसरीचाच समज परवडत होता. त्यामुळे लांबी मोजणारं स्ट्रलेन शून्य भेटेपर्यंत चालत राहतं. शून्य ठेवायला तुम्ही विसरलात तरी ते चालत राहतं. तुमच्या मजकुरातून बाहेर पडून दुसऱ्याच्या मजकुरात, तिथून तिसऱ्याच्या हद्दीत, आणि कुठे तरी योगायोगाने पडलेलं शून्य सापडलं की परत येऊन आत्मविश्वासाने आकडा सांगतं.

आता प्रश्न असा, की हे कागदावर कसं मांडायचं? सी भाषेचं पहिलं अमेरिकन स्टँडर्ड १९८९ सालचं. त्याने अनिश्चिततेच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर कंपायलरवाल्याने काय ते ठरवायचं आणि लिहून द्यायचं. दुसऱ्या पायरीवर ठरवायचं, पण लिहून द्यायची सक्ती नाही. तिसरी पायरी म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर. इथे कोणी काही ठरवायचं नाही, लिहायचं नाही आणि नंतर तक्रारही करायची नाही. स्टँडर्डच्या भाषेत, या बाबतीत आमची कसलीही अट नाही. हे वाक्य वाचताना वाटतं की आपल्याला मोकळीक मिळाली. मिळालेली असते, पण कंपायलरला.

पहिल्या पायरीवरसुद्धा मजा करता येते हे रिचर्ड स्टॉलमनच्या जीसीसी कंपायलरने दाखवून दिलं होतं. 'प्रॅग्मा' नावाच्या सूचनेचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं, अशी स्टँडर्डच्या मसुद्याची मुभा होती. जीसीसीच्या १.१७ या आवृत्तीने ठरवलं की प्रॅग्मा दिसला तर मशीनवर नेटहॅक हा खेळ सुरू करायचा, तो नसेल तर रोग हा खेळ, आणि तोही नसेल तर ईमॅक्समध्ये हनोईच्या मनोऱ्यांचं कोडं. नियमात हे चोख बसत होतं. पुढे प्रोग्रामरांच्या थट्टेत अनडिफाइन्ड बिहेवियरमुळे नाकातून राक्षस बाहेर पडायला लागले. स्टँडर्डमध्ये त्यालाही मनाई नाही.

स्टँडर्डच्या चौथ्या कलमातली एक तरतूद तर मला फार आवडते. एखादी गोष्ट अनडिफाइन्ड आहे हे कसं ओळखावं, याच्या तिथे तीन खुणा दिल्या आहेत. विशिष्ट ठिकाणी 'केलंच पाहिजे' असं म्हटलं असेल आणि तुम्ही ते केलं नसेल. किंवा 'हे अनडिफाइन्ड आहे' असं स्वच्छ म्हटलं असेल. किंवा त्या बाबतीत आम्ही काहीच म्हटलं नसेल. पुढे पुस्ती अशी, की तिन्हींचं वजन सारखंच. परिशिष्टात अशा गोष्टींची लांबलचक यादी आहे, दोनशेच्या घरातली. ती यादी पूर्ण असणं शक्यच नाही, कारण ज्याबद्दल आपण बोललो नाही त्याची यादी करायला बसलं की आपण त्याबद्दल बोलायला लागतो.

मॅन्युअल लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. मी आयटीत हेच काम करतो. फंक्शन लिहिणारा आणि मॅन्युअल लिहिणारा यांच्यातला संवाद साधारण असा असतो :

"जागा कमी पडली तर काय होतं रे?"

"काहीही."

"म्हणजे, उदाहरणार्थ?"

"उदाहरण देऊ नकोस. दिलंस की लोक म्हणणार, एवढंच होतं ना?"

"मग 'प्रोग्राम बंद पडू शकतो' असं लिहू का?"

"लिही. ज्याचा बंद पडणार नाही तो म्हणेल, माझा कोड बरोबर आहे."

"अरे, मग लिहू काय?"

"लिही, की असं करू नका."

"ते लिहिलंय. गेल्या आवृत्तीतही होतं."

"मग काय झालं?"

"काहीही."

प्रत्येक शब्द इथे वचन होऊन बसतो. 'कधी कधी' लिहिलं तर एरवी ठीक असा अर्थ निघतो. 'बहुतेक' लिहिलं तर कोणी तरी उरलेल्या फटीत प्रॉडक्ट उभं करतो. आणि यातला सगळ्यात वाईट परिणाम कुठलीच पुस्तिका छापत नाही. तो म्हणजे : चालतं. दहा वर्षं चालतं. डेमोत चालतं, टेस्टिंगमध्ये चालतं, गिऱ्हाइकाकडे चालतं, आणि मग कोणी कंपायलरची नवी आवृत्ती टाकतो.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या हजारो मुलांनी हे 'चालतं' पहिल्याच वर्षी पाहिलं. कंपायलर बोरलंडचा टर्बो सी, निळ्या पडद्याचा. पुस्तक बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. आणि प्रॅक्टिकल ठरलेलं : विद्यार्थ्यांची नावं आणि गुण साठवा. स्कॅनएफने नाव घ्यायला जावं तर ते पहिल्या स्पेसला थांबतं. मराठी माणसाच्या नावात दोन स्पेस असतात, एक वडिलांच्या आधी आणि एक आडनावाच्या आधी. तेव्हा जर्नलमध्ये एक तोडगा पिढ्यान्‌पिढ्या उतरवला जायचा : गेट्स हे फंक्शन वापरा, ते अख्खी ओळ घेतं.

घेतं खरं. कितीही मोठी ओळ घेतं, कारण जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. त्याला फक्त पत्ता देता येतो. हे फंक्शन नीट वापरण्याची एकही पद्धत अस्तित्वात नाही. मॅन पेजवरही वापरायच्या पद्धतीऐवजी, हे फंक्शन कधीही वापरू नका, असं लिहिलेलं आहे.

आता समजा नावाला वीस बाइट दिले आणि लगेच शेजारी गुणांचा इंटिजर ठेवला. टर्बो सीमध्ये तो दोन बाइटचा. आधी गुण विचारले, मग नाव. विद्यार्थी म्हणून घेऊ पु. लं.चं पूर्ण नाव, रोमन लिपीत : पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. दोन स्पेस धरून अठ्ठावीस बाइट. देशपांड्यांतला 'डी' विसाव्या बाइटवर कसाबसा बसतो आणि पुढचे 'ई' आणि 'एस' थेट गुणांच्या जागी जाऊन पडतात. 'ई'चा अंक १०१, 'एस'चा ११५, एस वरच्या बाइटमध्ये. म्हणजे पु. लं.ना मिळालेले गुण २९,५४१. शंभरपैकी. उरलेले 'एचपांडे' त्याच्याही पुढे कुठे तरी जाऊन बसलेले असतात. पूर्ण नावच आखूड असेल तर तोच प्रोग्राम बिनबोभाट चालतो, आणि आख्खी बॅच जर्नलवर सही घेऊन बाहेर पडते. अर्थात २९,५४१च मिळतील याची स्टँडर्ड हमी देत नाही.

गेट्सने जगालाही एकदा हिसका दाखवलेला आहे. २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट टॅपन मॉरिस हा विद्यार्थी इंटरनेटवर एक वर्म सोडतो. वर्म शिरायच्या वाटांपैकी एक होती 'फिंगर' नावाच्या सेवेची. ती सेवा समोरच्याची ओळख गेट्सने वाचायची, ५१२ बाइटच्या जागेत. वर्मने ५३६ बाइट पाठवले. वरच्या चोवीस बाइटांनी व्हॅक्स मशीनच्या मालकीहक्कात फेरफार केला. तेव्हाच्या अंदाजाने सहा हजारांच्या आसपास मशीन आडव्या झाल्या. मुलाचे वडील बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या पासवर्ड सुरक्षेवर काम केलेले, आणि त्या वेळी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेत. त्यांच्या घरी त्या आठवड्यात कोण कोणाशी काय बोललं, हे खरं अनडिफाइन्ड.

यानंतर वर्षभराने, १९८९च्या डिसेंबरात, ते पहिलं स्टँडर्ड निघालं. त्यात गेट्स होतं. दहा वर्षांनी दुसरं निघालं. त्यातही होतं. शेवटी २०११च्या आवृत्तीत त्याला काढलं. दरम्यान जीएनयूचा लिंकर प्रत्येक वेळी बजावत होता, की हे फंक्शन धोकादायक आहे, वापरू नये. विद्यार्थी तो इशारा वाचून खुश व्हायचे. एरर नाही, वॉर्निंगच आहे.

स्ट्रकॉपी धोक्याचं म्हणून लोक स्ट्रएनकॉपीकडे वळले, कारण त्यात 'जास्तीत जास्त इतके बाइट' असा आकडा देता येतो. पण ते बनलं होतं वेगळ्याच कामासाठी. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली नोंद सोळा बाइटची असायची, दोन बाइट इनोडचा क्रमांक आणि चौदा बाइट फाइलचं नाव. नाव आखूड असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, बरोब्बर चौदा असेल तर शेवटचं शून्य ठेवायचंच नाही. स्ट्रएनकॉपी आजही इमानाने तेच करतं. मोठ्या मजकुराला शून्य लावत नाही, आणि छोट्या मजकुरामागे हजारो शून्यं लावत बसतं.

त्या चौदा बाइटांत आपण मराठी भरून पाहू. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, स्ट्रलेनच्या हिशेबाने तीस. चौदा बाइटांत 'ज्ञा' बसतो, आणि पुढे 'न'चा दोन तृतीयांश भाग. हा दोन तृतीयांश 'न' कसा दिसतो, हे ज्यांनी मराठी एसएमएस आणि सरकारी पोर्टल वापरली आहेत त्यांना सांगायला नको. वर शून्य नसल्यामुळे स्ट्रलेन 'ज्ञा' घेऊन पुढच्या प्रवासाला निघालेलंच असतं.

मराठी माणसासाठी आणखी एक खास सोय आहे. एखादा बाइट अक्षर आहे का, हे विचारणारं इझअल्फा नावाचं फंक्शन आहे. त्याला शून्य ते २५५मधला आकडा, किंवा फाइल संपल्याची खूण, एवढंच द्यावं असा नियम. इंटेलच्या मशीनवर 'कॅर' हा प्रकार बहुधा ऋण संख्याही धरतो, त्यामुळे देवनागरीचा पहिला बाइट पोचतो तो उणे ३२ होऊन. नियमभंग! परिणाम : अनडिफाइन्ड. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून हा गुन्हा आयुष्यभर घडत नाही. आपण 'मराठी' एवढं लिहिलं तरी पंधरा वेळा घडतो. जीएनयूच्या लायब्ररीने उदार होऊन आपला तक्ता उणे १२८पासून सुरू केला आहे, म्हणून आपण तिथे निभावतो.

(स्ट्रटोकबद्दल थोडक्यात : ते दिलेला मजकूर फाडून त्याचे तुकडे देतं आणि आपण कुठवर आलो हे स्वतःच्याच पोटात लक्षात ठेवतं. दोघांनी एकाच वेळी बोलावलं तर पहिल्याचे तुकडे दुसऱ्याला मिळतात. बग्ज कलमात लिहिलंय, जपून वापरा.)

'चालतं' या रोगाची सगळ्यात गाजलेली केस २०१०ची. मेमकॉपी हे फंक्शन बाइट इकडून तिकडे नेतं. अट एवढीच, की उगम आणि मुक्काम एकमेकांवर चढलेले नसावेत. चढले असतील तर अनडिफाइन्ड, आणि त्यासाठी मेममूव्ह हे वेगळं फंक्शन आहे. पण वर्षानुवर्षं मेमकॉपी पुढून मागे नेत होतं, त्यामुळे एका बाजूचं चढणं खपून जात होतं. मग जीएनयू लायब्ररीत काही प्रोसेसरांसाठी नवं, वेगवान मेमकॉपी आलं. ते मागून पुढे न्यायला लागलं. फेडोरा १४ या लिनक्सवर लोकांच्या फ्लॅशच्या व्हिडिओंचा आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची होती, नियम दोन दशकं छापलेला होता, आणि लायब्ररीवाल्यांचं म्हणणं, ही आमची चूकच नाही. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स त्यांच्यावर चांगलाच उखडला. त्याचा मुद्दा असा, की चालतं किंवा चालत नाही एवढे दोनच पर्याय असताना स्टँडर्ड दाखवण्यात काही अर्थ नाही. शेवटी लायब्ररीच्या २.१४ आवृत्तीत तडजोड झाली. आधी बांधलेल्या प्रोग्रामांना जुनं वागणं मिळेल, नव्यांना नवं. जी गोष्ट करू नका म्हणून लिहिलं होतं, ती ज्यांनी केली त्यांच्यासाठी ती कायमस्वरूपी जपून ठेवण्यात आली.

दोन वर्षांनी मायएसक्यूएल या डेटाबेसची पाळी. दोन तुकड्यांची तुलना करणारं मेमसीएमपी सारखे असतील तर शून्य देतं, नाही तर धन किंवा ऋण काहीतरी. किती धन, किती ऋण, ते छापलेलं नाही. कोणी तरी धरून चाललं की एका बाइटमध्ये मावेल एवढंच. काही मशीनवर नव्या मेमसीएमपीने मोठे आकडे द्यायला सुरुवात केली. खालचा बाइट शून्य असलेला आकडा आला, की तो कापून शून्य उरायचा आणि पासवर्ड बरोबर ठरायचा. साधारण २५६ वेळांत एकदा, कुठलाही पासवर्ड. म्हणजे रूट हे नाव टाकून काही मिनिटं नेटाने चुकीचा पासवर्ड टाइप करत राहिलं, की डेटाबेस वैतागून दार उघडायचा. चिकाटीला फळ मिळाल्याचं संगणकशास्त्रात इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

इतकं सगळं होऊनही हे मॅन्युअल मनापासून वाचणारा एक वाचक आहे, तो म्हणजे कंपायलर. तो निष्कर्ष काढतो. मेमकॉपीला रिकामा म्हणजे नल पॉइंटर द्यायला मनाई आहे, भले न्यायचे बाइट शून्य का असेनात. कुठूनही नाही असं काहीही नाही कुठेही न नेणं, हेही अनडिफाइन्ड! बिचारा प्रोग्रामर मेमकॉपी लिहितो आणि दोन ओळी खाली सावधपणे तपासतो, की पॉइंटर नल तर नाही ना. जीसीसी म्हणतो, याने वर मेमकॉपीला हा पॉइंटर दिला. नियमाप्रमाणे तिथे नल देता येत नाही. हा गृहस्थ नियम मोडणारा नसणार. म्हणजे हा पॉइंटर नल नाही. म्हणजे खालची तपासणी फुकट. आणि ती तो काढून टाकतो. माणसावर एवढा विश्वास मॅन्युअल लिहिणाऱ्यानेसुद्धा कधी ठेवला नव्हता.

शेवटी २०२४मध्ये स्टँडर्डच्या समितीने पुढच्या आवृत्तीसाठी मान्य केलं, की शून्य बाइट नेत असाल तर नल पॉइंटर चालेल. पस्तीस वर्षांनी. सवलत फक्त जिथे लांबी शून्य देता येते तिथेच. स्ट्रलेनला लांबी द्यायचीच नसते, त्यामुळे त्याला नल दिला तर अजूनही काहीही होऊ शकतं.